पहिलं सेमिस्टर हुकलं, दिवाळीनंतर कॉलेज सुरू करायचंय: काय जमतं, काय नाही

पांदणरस्ता (धागाकर्ता), ५ नोव्हेंबर

दिवाळी झाली की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या धाग्यावर अवांतर म्हणून येतोच: पहिलं सेमिस्टर गेलं, आता डिसेंबर-जानेवारीपासून कॉलेजात बसता येईल का? उत्तरं मग दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा वेगळा धागा. आपल्याकडचाच विचार करून लिहितो. नागपूर विद्यापीठ (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया), अमरावती विद्यापीठ (अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम) आणि गोंडवाना (चंद्रपूर, गडचिरोली) यांची संलग्न कॉलेजं. तीही बीए, बीकॉम, बीएस्सीची. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांचं गणित वेगळं. तिथे सीईटी सेलची (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) शेवटची तारीख गेली की त्या वर्षापुरता विषय संपला.

‘सेम हुकलं’ म्हणणारी पोरं दोन प्रकारची असतात आणि दोघांचा रस्ता साफ वेगळा आहे.

पहिला, ज्याचा प्रवेश झालेला आहे. फीचा हप्ता भरला, टीसी जमा केली, विद्यापीठाकडे नामांकन (एनरोलमेंट, म्हणजे नावनोंदणी) गेलं. पण सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, घरातलं आजारपण, काहीही कारण असो, वर्गात जाणं झालं नाही. हा विद्यार्थी विद्यापीठाच्या दप्तरात आहे.

दुसरा, ज्याचा प्रवेशच नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जून २०२४ मध्ये जाहीर केलं की विद्यापीठं वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे प्रवेश देऊ शकतात. पेपरात मथळे झळकले. पण ते ‘देऊ शकतात’ एवढंच आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कॉलेजात जाऊन ‘जानेवारीचा फॉर्म द्या’ म्हटलं तर बाबू चष्म्यावरून बघतो.

पहिल्या प्रकारच्याला दुसऱ्या सेममध्ये बसता येण्याची शक्यता चांगली असते. या शाखांत पहिल्यातून दुसऱ्यात जायला पास होण्याची अट सहसा नसते. सत्र धरलं जाण्याची, म्हणजे ते सेम तुम्ही केलं असं मानलं जाण्याची, असते. आणि सत्र धरलं गेल्याचा कागदावरचा पुरावा म्हणजे हिवाळी परीक्षेचा (सेम १ च्या शेवटची) फॉर्म. फॉर्म भरला आणि पेपरला गैरहजर राहिलं तर निकालात गैरहजर लागतं, मग उन्हाळीत (सेम २ च्या शेवटच्या परीक्षेत) ते पेपर बॅकलॉग म्हणून देता येतात. फॉर्मच भरला नाही तर त्या सेमची नोंदच तयार होत नाही, आणि सेम २ चा फॉर्म भरायच्या वेळी मागचं काहीच सापडत नाही. तेव्हा आज ५ नोव्हेंबर आहे, पहिलं काम म्हणजे फॉर्मची तारीख बघणं. विनाविलंब, विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क असे टप्पे असतात. शेवटचा टप्पा गेला की पोर्टल बंद होतं आणि त्यापुढे प्राचार्यांच्या हातातही फारसं काही राहत नाही.

एक मेख आहे. ७५ टक्के हजेरी नसेल तर प्राचार्य फॉर्म पुढे पाठवायला नकार देऊ शकतात. दवाखान्याचे कागद असतील तर ते फॉर्मच्या आधी अर्जासोबत द्या, नंतर नाही. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नाही.

तुरीच्या_घुगऱ्या, ५ नोव्हेंबर

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. पुतणी जुलैच्या पुरवणी परीक्षेत बारावी पास झाली, प्रवेश सप्टेंबरअखेर ‘कुलगुरूंच्या परवानगीने’ झाला. ती पहिल्या प्रकारात धरायची ना? आणि हा गॅप धरतात का?

पांदणरस्ता, ५ नोव्हेंबर

हो ताई, पहिल्याच प्रकारात. गॅप नाही. बारावी पास झाल्याचं वर्ष आणि प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष एकच आहे. मात्र प्रवेश उशिरा झालेल्यांची नावं नामांकनाच्या पहिल्या यादीत नसतात, पुरवणी यादीत जातात, आणि तिथेच राहून जातात. तिचा एनरोलमेंट नंबर आला का एवढं उद्याच विचारा. नंबर नसेल तर परीक्षेचा फॉर्म पुढे सरकत नाही, आणि हे कळतं ते शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, जेव्हा खिडकीपुढे रांग दारापर्यंत गेलेली असते.

जर्नल_सर्टिफाय, ५ नोव्हेंबर

धागा चांगला. यात अंतर्गत गुणांचा मुद्दा राहिला, आणि पोरं सगळ्यात जास्त तिथेच फसतात.

सेम १ ला गैरहजर राहिलेल्याचे लेखी पेपर उन्हाळीत देता येतात. पण अंतर्गत गुण (चाचणी, असाइनमेंट, सेमिनार, हजेरी) कॉलेज हिवाळीतच पोर्टलवर चढवतं. तुमच्या नावापुढे शून्य किंवा ‘गैरहजर’ चढलं की उन्हाळीला तेच गुण पुढे ओढले जातात. लेखीत पास आणि अंतर्गत मध्ये नापास असा निकाल लागतो, आणि पोराला वाटतं पेपर चुकीचा तपासला. पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरतात आणि ते वाया जातात, कारण पुनर्मूल्यांकन अंतर्गत गुणांचं होतच नाही.

उपाय: हिवाळीचे अंतर्गत गुण चढायच्या आत प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना भेटून असाइनमेंट देऊन टाका. चार पानांची असाइनमेंट दोन संध्याकाळींचं काम आहे. वर्गात न आलेल्या विद्यार्थ्यालाही बहुतेक मास्तर तेवढं करू देतात, शेवटच्या आठवड्यात नव्हे, आधी गेलात तर. तारीख निघून गेली असेल तर उन्हाळी परीक्षेच्या वेळी बॅकलॉगचे अंतर्गत गुण नव्याने घेतात का, हे विभागप्रमुखांना आणि परीक्षा विभागाला लेखी विचारा.

प्रात्यक्षिकाचं त्याहून अवघड. क्रेडिटच्या भाषेत सांगतो. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सेम १ मधलं २ क्रेडिटचं एक प्रॅक्टिकल राहिलं असेल तर ६० तास झाले. ते १५ आठवड्यांच्या सेम २ मध्ये बसवायचे तर आठवड्याला ४ तास जादा, तेही लॅब रिकामी असेल तेव्हा. तीन विषय असतील तर १२ तास. लॅब असिस्टंटशी गोड बोलल्याशिवाय हे होत नाही, एवढंच सांगतो.

आणि जर्नलमध्ये मागच्या तारखा टाकू नका. प्रयोग ज्या दिवशी केला ती तारीख, त्याच दिवशी सही. वर्गाच्या हजेरीपटात तुम्ही ऑगस्टमध्ये नाही आणि जर्नलमध्ये ऑगस्टचे सहा प्रयोग, हे बहिस्थ परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. उशिराच्या तारखा असलेलं खरं जर्नल सर्टिफाय होतं; खोटं परत येतं.

कपाशीवाला, ६ नोव्हेंबर

भाऊ, दुसऱ्या प्रकारच्या पोट्ट्याईचं काय? ज्याईची अ‍ॅडमिशनच नाही. आमच्याकडं निम्मे तेच हायेत. इंजिनिअरिंगच्या लिस्टकडं डोळे लावून बसले, नंबर लागला पुण्याकडं, बाप म्हणते एवढा पैसा कुठून आणू. आता बीएस्सीबी गेली अन् तेबी गेलं. जून पावतर वावरातच राबवाचं का त्याईले?

बाभुळबन, ६ नोव्हेंबर

कपाशीवाला भाऊ, तीन वाटा आहेत. तिन्हींचं खरंखोटं सांगतो.

पहिली, इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ). जानेवारी सत्र असतं आणि ते वर्षानुवर्षं चालू आहे. विभागीय केंद्र नागपूरला आहे. प्रवेश ऑनलाइन. पण पोर्टलवर बसायच्या आधी दोन क्रमांक हातात हवेत: एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, हाच अपार आयडी, १२ अंकी) आणि डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा). डीईबी आयडी काढायला एबीसी आयडी लागतो आणि एबीसी आयडीला आधार, म्हणून क्रम उलटा करू नका. बीए हिंदीतून करता येतं. मूल्यमापन साधारण असं: असाइनमेंटला ३० टक्के, सत्रांत परीक्षेला ७० टक्के. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. असाइनमेंट वेळेत गेली नाही तर पेपर चांगला जाऊनही तो विषय पूर्ण होत नाही. इग्नूत अडकलेल्यांमध्ये निम्मे इथेच अडकलेले दिसतील. समुपदेशन वर्ग बहुधा सुट्टीच्या दिवशी असतात, गावातून येणाऱ्याला ते सोयीचं.

बीएस्सी मात्र इग्नूतून करायची घाई करू नका. प्रयोगशाळा असलेलं अभ्यास केंद्र जवळ आहे का ते आधी बघा. गडचिरोलीच्या आतल्या भागातून प्रॅक्टिकलसाठी नागपूरला राहायला जायचं तर खर्चाचा हिशोब फिरतो.

दुसरी, स्वयम्, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल. इथे जानेवारी सत्रात अभ्यासक्रम सुरू होतात, नोंदणी फुकट, परीक्षेची फी वेगळी. प्रवेश नसलेलाही शिकू शकतो. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम्‌मधून घेता येतात. पण ते वर्ग करून घ्यायचे की नाही हे पुढच्या जुलैत ज्या कॉलेजात जाल ते ठरवेल. म्हणून ‘फुकट क्रेडिट जमवतो’ म्हणून पाच-पाच कोर्स करू नका. एकच करा, ज्या विषयात पदवी घ्यायची त्यातला, आणि पूर्ण करा.

तिसरी वाट म्हणजे जुलैची नीट तयारी करून थांबणं. ती कमीपणाची समजू नका. सहा महिन्यांत जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधार-बँक जोडणी, नावाची दुरुस्ती, एवढं जरी झालं तरी जुलैत तो बाकीच्यांच्या पुढे असतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मुख्य प्रवेशही जुलैपासूनच्या सत्राचा असतो, मराठी माध्यमातून करायचं असेल त्याने तोही विचार ठेवावा.

पुण्याला नंबर लागला आणि प्रवेश घेऊन मग सोडला असेल तर फीचं बघून घ्या. यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर १०० टक्के (प्रक्रिया शुल्क वजा करून), त्याहून उशिरा पण तारखेच्या आत ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५०, पुढे शून्य. व्यावसायिक अभ्यासक्रमांना सीईटी सेलचे स्वतःचे नियम लागतात, ते माहितीपुस्तिकेत बघा. मूळ मार्कशीट अडवून ठेवायचा अधिकार मात्र कुठल्याच संस्थेला नाही, तेही त्याच अधिसूचनेत आहे.

सेतूची_रांग, ६ नोव्हेंबर

कागदांबद्दल. सेतू केंद्रावर रोज तेच ते अडतं, म्हणून जरा विस्ताराने.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, दोन्हींवर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ अशी ओळ असते. डिसेंबरात दाखला काढला तर तो चार महिन्यांत मरतो. उशिरा कॉलेज सुरू करणाऱ्याला या वर्षीच्या शिष्यवृत्तीसाठी आत्ताच लागणार असेल तर काढा. जूनमध्येच प्रवेश घेणार असाल तर एप्रिल उजाडू द्या, नाही तर तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) दोनदा चकरा होतात. दाखल्याला पंधरा दिवस धरून चला.

एबीसी आयडी काढताना नाव आधारवरून येतं. आपल्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे असतं, आधारवर शेवटी. क्रम उलटा असला तर सहसा भागतं, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असेल, किंवा आधारवर वडिलांचं नावच नसेल, तर पुढे विद्यापीठाच्या नोंदीशी जुळताना अडतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून ‘आत्ता काहीतरी करून टाका, मग बघू’ असं आधारच्या बाबतीत करू नका.

लग्न ठरलेल्या किंवा नुकतंच लग्न झालेल्या मुलींसाठी हे जास्त महत्त्वाचं. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे मुहूर्त सुरू, आणि सासरी गेल्या गेल्या रेशनकार्डासाठी आधारवरचं नाव बदलून टाकतात. पदवीचा प्रवेश बारावीच्या नावावरच होतो. एबीसी, एनरोलमेंट, शिष्यवृत्ती हे सगळं बारावीच्या नावाने लागू द्या, मग आधारला हात लावा.

गॅप प्रमाणपत्राबद्दल. या जानेवारीत प्रवेश न मिळून पुढच्या जुलैत गेलात तर ते एक वर्षाचं अंतर धरलं जातं आणि महाडीबीटीचा (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्मही ते विचारतो. मजकूर चार ओळींचा असतो:

‘मी (पूर्ण नाव, बारावीच्या मार्कशीटप्रमाणे), रा. ..., ता. ..., जि. ..., इयत्ता १२ वी परीक्षा (महिना, वर्ष) मध्ये उत्तीर्ण झालो/झाले. त्यानंतर (महिना, वर्ष) ते (महिना, वर्ष) या काळात (कारण) यामुळे मी कोणत्याही शाळेत, महाविद्यालयात किंवा विद्यापीठात प्रवेश घेतलेला नाही. वरील माहिती खरी आहे.’

कारणाच्या जागी ‘शेतीकाम’ लिहायला लाजू नका, ते चालतं. पण त्या काळात कुठेही प्रवेश घेतला असेल, भले रद्द केलेला असो, तर ‘घेतलेला नाही’ हे वाक्य लिहू नका. रद्द केल्याचा कागद जोडा. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. मुद्रांकाचा आग्रह कुणी धरला तर आधी कॉलेजात विचारा की साधं स्वयंघोषणापत्र चालेल का. बऱ्याचदा चालतं.

तुरीच्या_घुगऱ्या, ६ नोव्हेंबर

पुतणीच्या आधारवर वडिलांचं नाव नाहीच! बरं झालं वाचलं.

शिष्यवृत्तीचा_बाबू, ७ नोव्हेंबर

महाडीबीटीचं मी घेतो.

एक. शिष्यवृत्ती एका पातळीवर एकदाच. मागच्या वर्षी बीएला प्रवेश घेऊन अर्ज भरला, मग सोडलं, आता बीएस्सी: पोर्टलवर जुना अर्ज तसाच उभा असतो. तो जुन्या कॉलेजच्या लॉगिनमधून रद्द करून घ्यावा लागतो, विद्यार्थ्याकडून होत नाही. नवीन प्रोफाइल, नवा मोबाइल नंबर अशा युक्त्या करू नका. आधारवरून दोन्ही अर्ज सापडतात आणि दोन्ही लटकतात.

दोन. हजेरी. ७५ टक्के. उशिरा आलेल्याचं गणित मांडून दाखवतो. सेमचे शिकवण्याचे दिवस ९० धरा. ७५ टक्के म्हणजे ६७.५, म्हणजे ६८. सेम २ सुरू होऊन १५ दिवसांनी तुम्ही आलात, उरले ७५. त्यातले ६८ भरायचे, म्हणजे अख्ख्या सेममध्ये हातात सात दिवस. होळी, घरचं लग्न, तुरीची काढणी, सगळं त्या सातात. बाकीच्यांकडे बावीस असतात. काही कॉलेजं हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, ते आधी विचारून घ्या. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तीन. बँक खातं आधारशी जोडलेलं म्हणजे नुसतं बँकेत आधारची झेरॉक्स दिलेली नाही. ते डीबीटीसाठी मॅप झालेलं हवं. दोन बँकांत खाती असतील तर पैसा शेवटी मॅप झालेल्या खात्यात जातो. वडिलांसोबतचं जॉइंट खातं नको.

वसतिगृहाचंही सांगतो. समाजकल्याण आणि आदिवासी विकासच्या वसतिगृहांची यादी पावसाळ्यात लागते, पण मधे जागा रिकाम्या होतात. गृहपालांकडे अर्ज देऊन ठेवा. जागा नसेल तर स्वाधार (अनुसूचित जाती), स्वयम् (अनुसूचित जमाती, वर आलेलं ऑनलाइन कोर्सचं स्वयम् वेगळं, नावाचा घोळ आहे), आधार (ओबीसी आणि भटके) या योजना आहेत. अर्जाच्या तारखा प्रत्येकाच्या वेगळ्या.

कपाशीवाला, ७ नोव्हेंबर

अन् अभ्यासाचं? सहा महिने जे शिकवलं ते न येता दुसऱ्या सेमात बसून काय डोक्यात जाईन?

जर्नल_सर्टिफाय, ७ नोव्हेंबर

विषयावर आहे भाऊ. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, यात दुसऱ्या सेमचे घटक बरेचसे स्वतंत्र असतात, पहिल्या सेमचं पुस्तक मागाहून वाचून होतं. गणित, रसायन, भौतिक आणि लेखाकर्म यांत पायरी चुकली की पाय घसरतोच.

बीकॉमच्या पोराने दुसऱ्या सेमला बसायच्या आधी एवढंच करावं: एका छोट्या किराणा दुकानाचे पंचवीस व्यवहार घ्यायचे आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), अंतिम लेखे हा पूर्ण फेरा वहीत तीनदा घालायचा. तेरीज जुळली नाही तर फरकाला २ ने भागून बघायचं, ती रक्कम चुकीच्या बाजूला गेलेली सापडते. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५. दहा दिवसांत हात बसतो. क्लास लावायची गरज नाही.

रसायनाच्या लॅबमध्ये उशिरा आलेला पोरगा लगेच ओळखू येतो, ब्युरेटवरून. बाकीच्यांनी तीन महिने अनुमापन (टायट्रेशन) केलेलं असतं. म्हणून हे आधी शिकून घ्या. ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने आधी खंगाळायची, नुसत्या पाण्याने नाही, नाही तर द्रावण पातळ होतं. भरल्यावर तोटी एकदा पूर्ण उघडून खालच्या टोकातला हवेचा बुडबुडा घालवायचा. तो मधेच निघाला तर वाचन अर्ध्या-एक मिलीने चुकतं. वरचं नरसाळं काढून ठेवायचं, त्यातला एखादा थेंब नंतर पडतो. डोळा द्रावणाच्या पातळीत ठेवून द्रावणाच्या पृष्ठभागाचा बाक खालच्या कडेला वाचायचा. पोटॅशियम परमँगनेट असेल तर वरच्या कडेला, कारण गडद रंगात खालची कड दिसत नाही. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही, टोक काचेला टेकवायचं आणि सोडून द्यायचं. फिनॉल्फथॅलिनला फिकट गुलाबी आला की थांबायचं. गडद गुलाबी दिसायला छान, पण तोवर थेंब जास्त गेलेला असतो. तीन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत. न जुळलेली खोडून जुळवलेली लिहू नका, शिक्षकांना ते लगेच कळतं.

भौतिकला व्हर्निअर आणि स्क्रू गेजची शून्य त्रुटी. अधिक असेल तर वाचनातून वजा करायची, वजा असेल तर मिळवायची. यातच निम्मे गुण जातात.

उन्हाळी_परीक्षार्थी, ८ नोव्हेंबर

सगळं बरोबर आहे, पण उन्हाळीत काय होतं तेही माहीत असू द्या. सेम २ चे नियमित पेपर अधिक सेम १ चे बॅकलॉग, म्हणजे एका सेमला २०-२२ क्रेडिट धरले तर चाळीसेक क्रेडिटची परीक्षा एकाच हंगामात. फॉर्म दोन, फी दोन, हॉल तिकीटं दोन. एकच फॉर्म भरून दुसरा विसरणारे दर वर्षी असतात.

वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी दोन्ही सेमचे पेपर एका कागदावर मांडा. एकाच दिवशी सकाळी सेम २ आणि दुपारी सेम १ असेल तर ते चालतं, त्याला कुणी वेळ बदलून देत नाही. एकाच वेळी दोन पेपर आले तरच अर्ज करायचा, तोही प्राचार्यांमार्फत आणि वेळापत्रक कच्चं असताना. पक्कं झाल्यावर एक पेपर सोडावा लागतो. सोडायचाच तर बॅकलॉगचा सोडा, तो पुढच्या हिवाळीत देता येतो.

दुपारच्या पेपरची दुसरी अडचण एसटीची. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, वर्ध्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. मधल्या दोन तासांत पोरं स्टँडवर बसतात आणि दुपारच्या पेपरला डोकं धरून येतात. कॉलेजची वाचनकक्षाची चावी कुणाकडे असते ते आधीच विचारून ठेवा.

आणि सगळेच्या सगळे पेपर एकाच उन्हाळीत काढायचा हट्ट करू नका. सेम १ मधले दोन-तीन सोपे आत्ता, गणितासारखे पुढच्या हिवाळीत, असं वाटून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवी पूर्ण करायला कमाल सात वर्षं आहेत, एका पेपरने आभाळ कोसळत नाही. फक्त तिसऱ्या सेमला जाताना किती क्रेडिट पूर्ण हवेत हा आकडा आपल्या विद्यापीठाच्या नियमात बघून मग वाटणी करा.

बाभुळबन, ८ नोव्हेंबर

+१. यात एक जोडतो. ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) आणि मायनर (दुय्यम) विषय पहिल्या सेममध्येच ठरतात. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे कॉलेज जागा रिकामी असलेला विषय टाकून देतं, आणि पोराला ते परीक्षेच्या फॉर्मवर कळतं. आल्या आल्या आपल्या नावावर कोणते विषय आहेत त्याची छापील प्रत मागा. बदल करायचाच तर सेम २ च्या सुरुवातीला, आणि मायनर बदलताना विचार करा, तो पुढच्या सेममध्येही चालतो.

एनएसएसचंही (राष्ट्रीय सेवा योजना). सह-अभ्यासक्रमाचे क्रेडिट त्यातून घेणार असाल तर नोंदणी झालेली हवी. सात दिवसांचं शिबिर बहुधा हिवाळ्यात कुठल्यातरी गावात असतं. नोंदणी नसताना नुसतं शिबिरात झाडू मारून क्रेडिट मिळत नाही.

मुक्कामी_गाडी, ८ नोव्हेंबर

एसटी पासबद्दल कुणीच लिहिलं नाही. विद्यार्थी मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे. मुलींना वाटतं, बायकांना तिकीट अर्धं आहेच, पास कशाला. हिशोब करा: एका बाजूचं पूर्ण भाडं ३० रुपये, रोजचे ६०. अर्ध्या तिकिटावर ३०, पासवर २०. महिन्याला पंचवीस दिवस गेलात तर अडीचशे रुपयांचा फरक. बारावीपर्यंतची मुलींची मोफत पासची योजना कॉलेजला लागू नाही, तिथे हा सवलतीचा पासच.

पासला बोनाफाइड लागतं, आणि उशिरा प्रवेश घेणाऱ्याचं बोनाफाइड रोल नंबर पडेपर्यंत मिळत नाही. तोवर फीची पावती आणि ओळखपत्र घेऊन पास देणाऱ्या खिडकीवर विचारा, कधी कधी जमतं. आणि जादा प्रॅक्टिकलचे जे ४ तास वर सांगितलेत, ते लावून घेताना परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा. पाचला लॅब सुटते आणि पावणेपाचला गाडी जाते, असं असेल तर प्रॅक्टिकल सकाळी मागा; मुक्कामी गाडीने सहाला निघणारी पोरं सातच्या सुमारास कॉलेजात पोचतात, तेव्हा लॅब रिकामीच असते.

कपाशीवाला, ८ नोव्हेंबर

सकाळचं बरं हाय भाऊ, पण हरभऱ्याले पाणी रात्रीचं. विजेची लाईन रातच्या पाळीले असली का पोट्टं पहाटे चार पावतर वावरात. सहाच्या गाडीले उठणार कसं?

मुक्कामी_गाडी, ८ नोव्हेंबर

लाईनची पाळी आठवड्या-आठवड्याने बदलते ना भाऊ. ज्या आठवड्यात दिवसाची लाईन, त्या आठवड्यात प्रॅक्टिकल लावा. लॅब असिस्टंटला आधीच सांगून ठेवायचं, एक आठवडा सोडून येतो म्हणून. आठवड्याला चार तासांऐवजी पंधरवड्याला आठ.

तुरीच्या_घुगऱ्या, ११ नोव्हेंबर

अपडेट: पुतणीचं नाव पुरवणी यादीत होतं, एनरोलमेंट नंबर काल आला. फॉर्म विलंब शुल्कात गेला, अतिविलंबात नाही. विषयांची छापील प्रत मागितली तर ओपन इलेक्टिव्हला भलताच विषय निघाला. आता बदलायचा अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, प्राचार्य की विभागप्रमुख?

बाभुळबन, ११ नोव्हेंबर

प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. म्हणजे खाली डाव्या बाजूला विभागप्रमुखांची शिफारस आणि सही आधी घ्यायची, मग ऑफिसात द्यायचा. ज्या विषयात जायचं त्याच्या शिक्षकांचीही सही घेतलीत तर बाबू परत पाठवत नाही.